इटलीतला ‘मंत्री’ आणि नागपूरचा संत्रा

नागपुरात पाट्या वाचत फिरलात तर ‘ऑरेंज’ हा शब्द पावलोपावली भेटतो. हॉटेल असो, रुग्णालय असो की नवी टाउनशिप, ‘ऑरेंज सिटी’ची हौस सगळ्यांनाच आहे. मेट्रोची ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही मार्गिकाही ‘ऑरेंज लाइन’च. पण हाच नागपूरकर सीताबर्डीत हातगाडीपुढे उभा राहिला की ‘संत्रे कसे दिले जी?’ असेच विचारतो. पाटीवरचा शब्द साहेबाचा आणि तोंडातला आपला, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पाटीवरच्या शब्दाचे मूळ पक्के भारतीय आहे. तो इराण, अरबस्तान, इटली आणि फ्रान्स करत इंग्रजीत पोहोचला आणि तिथून बोटीत बसून परत आला. वाद आहे तो ‘संत्रा’ या शब्दाबद्दल. तो आपला की पोर्तुगीजांचा, यावर आजही ठामपणे चुकीचे बोलणारे भरपूर आहेत.

या प्रवासातला इटलीचा मुक्काम सगळ्यात मजेदार आहे. इटालियनमध्ये या फळाला ‘अरांचा’ म्हणतात. शब्द अगदी रोजच्या वापरातला. हॉटेलात ताजा रस मागायचा तर ‘स्प्रेमूता दि अरांचा’. फळ स्त्रीलिंगी, ‘अरांचा’. झाड पुल्लिंगी, ‘अरांचो’. सफरचंद, नासपती, चेरी या सगळ्यांना तिथे हाच नियम लागू. फळ बाई, झाड बुवा. बोलताना मात्र पुष्कळ इटालियन लोक फळालाही बिनदिक्कत ‘अरांचो’ म्हणतात आणि शाळेतले मास्तर वैतागतात. रंगाचे नाव ‘अरांचोने’. या शब्दाच्या अनेकवचनाचा, ‘अरांचोनी’चा, एक अर्थ थेट पुण्याशी जोडलेला आहे. 1970 च्या दशकात कोरेगाव पार्कातल्या रजनीशांच्या आश्रमातून परतलेले इटालियन शिष्य भगव्या-नारिंगी कपड्यांत हिंडू लागले, तेव्हा लोकांनी त्यांचे नाव पाडले ‘अरांचोनी’, म्हणजे नारिंगीवाले. नाव असे चिकटले की पुढे त्यांनी साधे कपडे घातले तरी सुटले नाही.

इटालियन ही लॅटिनची लेक. तिच्या रोजच्या शब्दांपैकी बहुतेक आईकडून आलेले. ‘अरांचा’ मात्र नाही, कारण आईला हे फळच माहीत नव्हते. रोमन लोकांना महाळुंग ठाऊक होते, लिंबूही थोडेफार ठाऊक असावे. संत्र्याच्या जातीचे फळ त्यांच्या ताटात आले नाही. ते आले अरबांबरोबर. नवव्या शतकात अरबांनी सिसिली बेट जिंकायला घेतले आणि पाटपाण्याच्या शेतीसोबत आपली झाडेही नेली. त्या झाडांबरोबर शब्दही उतरले. साखरेला इटालियनमध्ये ‘झुक्केरो’ म्हणतात. तो अरबी ‘सुक्कर’, त्याच्या आधी फारसी ‘शकर’, आणि त्याच्याही आधी आपली ‘शर्करा’. लिंबाला ‘लिमोने’. आणि अरबी ‘नारंज’चा झाला ‘अरांचा’.

अरबीत ‘ग’ नाही, म्हणून फारसी ‘नारंग’चा तिथे ‘नारंज’ झाला. फारसीत तो संस्कृतातून गेला. संस्कृतात नारंग आहे, नागरंगही आहे. चरकसंहितेत नागरंगाचे गुण सांगितलेत : गोडसर, किंचित आंबट, जेवणाला रुची आणणारे, पण पचायला जड. शब्दाची मुळे शोधायला संस्कृतापाशी थांबून मात्र चालत नाही. बहुतेक अभ्यासकांचा कौल असा की हा शब्द मुळात द्राविडी. तमिळमध्ये ‘नारम्’ हा सुगंधाशी नाते सांगणारा शब्द आहे, आणि ‘काय’ म्हणजे कच्चे फळ. हा ‘काय’ सोलापूर-कोल्हापूरकडच्या वाचकांना ओळखीचा वाटेल, कारण कन्नडमध्ये वांग्याला ‘बदनेकायी’ आणि नारळाला ‘तेंगिनकायी’ म्हणतात, त्यातला शेवटचा ‘कायी’ तो हाच. सुवासाचे फळ ते ‘नारंकाय’, असा काहीसा प्रवास. मल्याळममध्ये आजही ‘नारंङा’ म्हणजे लिंबूवर्गीय फळ, तेलुगूत ‘नारिंज’.

झाडाचे माहेरही भारताच्या आसपासचेच. 2018 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिंबूवर्गीय झाडांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात. मेघालयातल्या गारो टेकड्यांत नोकरेकच्या जंगलात एक रानटी संत्रा अजून सापडतो. गारो लोक त्याला ‘मेमांग नारांग’ म्हणतात, म्हणजे भुताखेतांचे नारिंग. शेवटचा शब्द पाहा. सिसिलीत आणि गारो टेकड्यांत एकाच शब्दाची दोन टोके आहेत.

आता प्रश्न असा की नारंजातला ‘न’ इटलीत गेला कुठे? उत्तर व्याकरणात आहे. इटालियनमध्ये ‘एक’ या अर्थी स्त्रीलिंगी नामाआधी ‘ऊना’ लावतात. ‘ऊना नारांचा’ असे भरभर म्हणून बघा. ‘ना’ दोनदा येतो आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की ‘न’ पहिल्या शब्दाचा की दुसऱ्याचा. हळूहळू लोकांनी तो पहिल्याच्या पदरात टाकला. ‘ऊना नारांचा’चे ‘उन्-अरांचा’ झाले आणि फळ बिचारे ‘न’ गमावून बसले. व्हेनिसच्या बोलीत तो शाबूत आहे. तिथे अजून ‘नारांसा’ म्हणतात. स्पेनमध्येही ‘न’ टिकला. पोर्तुगीजांनी तर त्या जागी ‘ल’ बसवून ‘लारांजा’ केला. इंग्रजीतही हा ‘न’ ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ यांच्या ओढाताणीत पडला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले सापडते. ते खरे नाही. शब्द इंग्रजीत शिरला तेव्हाच बिन-‘न’चा होता. इटालियनमधल्या ‘मेलारांचो’ या जुन्या शब्दावरून, म्हणजे ‘अरांचा नावाचे सफरचंद’ यावरून, फ्रेंचांनी आपले नाव घडवले आणि इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून उचलले.

फ्रेंचांनी त्यात आणखी एक भर घातली. सुरुवातीच्या ‘अ’चा ‘ओ’ झाला, आणि तो होण्यामागे सोन्याचा हात असावा असे मानतात, कारण फ्रेंचमध्ये सोन्याला ‘ओर’ म्हणतात. फळ सोन्यासारखे, मग नावातही सोने हवे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या पंडितांनीही तेच केले. परका शब्द कानावर पडला की त्यात ओळखीचा अर्थ कोंबायचा, ही खोड सगळ्यांचीच. आपल्याकडून अरबांमार्फत वांगे इटलीत गेले, तेव्हा अरबी ‘बादिंजान’ची मोडतोड होऊन ‘मेलांझाना’ झाले आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडे सफरचंद. वांगे खाल्ले की वेड लागते अशी समजूतही मग मागून आली.

आपणही काही कमी नाही. ‘नागरंग’ हा शब्द वाचल्यावर नागपूरकराचे कान टवकारणारच. नाग नदी, नागपूर, नागरंग! पण गोंड राजा बख्त बुलंद शहाने नागपूर वसवले 1702 च्या सुमारास, आणि शब्द त्याहून शेकडो वर्षांनी जुना. पाश्चात्त्य पुस्तकांत तर नाग म्हणजे हत्ती असा अर्थ घेऊन एक कथाच फिरते. हत्तीने इतकी फळे खाल्ली की पोट फुटून तो मेला आणि त्या जागी नारिंगाचे झाड उगवले. कथा वाचायला छान आहे, व्युत्पत्ती म्हणून तिची किंमत शून्य.

अरबांनी सिसिलीत नेलेले नारिंग कडू होते. आज इंग्रज ज्याचा मुरंबा करतात, त्या जातीचे. रोममधल्या सांता साबिना या चर्चच्या आवारात एक कडू नारिंगाचे झाड आहे. संत डॉमिनिकने ते 1220 च्या सुमारास लावले अशी तिथली परंपरा सांगते. गोड नारिंग युरोपात रुजले ते नंतर, पंधराव्या-सोळाव्या शतकांत, आणि त्याच्या प्रसारात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा वाटा मोठा. इतका, की अर्ध्या भूमध्य प्रदेशाने फळाला पोर्तुगालचेच नाव देऊन टाकले. अरबीत गोड नारिंग म्हणजे ‘बुर्तुकाल’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’. इराणमध्ये तर ज्या भाषेने जगाला ‘नारंग’ पोहोचवला, तिनेच गोड फळाला ‘पोर्तेगाल’ म्हणायला सुरुवात केली. इटलीतही नेपल्सच्या बोलीत ‘पुर्तुआल्लो’ आहे. उत्तरेकडच्या जर्मनांना वाटले हे फळ चीनचे, म्हणून ते ‘आप्फेलझीने’, चिनी सफरचंद. ज्याने पेटी हातात दिली त्याचा पत्ता, एवढेच या नावांवरून कळते.

याच पोर्तुगीज वाऱ्यात आपला संत्राही ओढला गेला. लिस्बनजवळ सिंत्रा नावाचे गाव आहे. जुन्या नोंदींपासून आजच्या व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सांगितले जाते की सिंत्राची फळे पोर्तुगीजांनी भारतात आणली, म्हणून ती ‘संत्रा’. ऐकायला झक्कास जमते. पण बाबराची आत्मकथा मध्ये येते. पानिपतची लढाई 1526 ची, बाबर वारला 1530 मध्ये. या मधल्या काळात त्याने हिंदुस्थानातल्या फळांची जी यादी लिहिली, तीत नारंजाखेरीज ‘संगतरा’ स्वतंत्रपणे आहे : नारंजासारखाच दिसणारा, पण साल गुळगुळीत. विशेष म्हणजे त्याच यादीत जंभेरीही आहे, जिच्या खुंटावर आजही वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटचे रोपवाटिकावाले संत्र्याचा डोळा भरतात.

आता हिशोब करा. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. तीसेक वर्षांत पोर्तुगीजांचे फळ आणि त्याचे गावाचे नाव किनाऱ्यावरून आग्रा-दिल्लीकडे पोहोचावे, ‘संगतरा’ असे फारसी वळण घ्यावे, आणि नव्यानेच आलेल्या बादशहाला ते इथले देशी फळ वाटावे, हे काही पटत नाही. शिवाय वास्को द गामाच्या पहिल्याच सफरीच्या रोजनिशीत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोंबासाला, स्थानिक राजाने पोर्तुगीजांना भेट म्हणून नारिंगे पाठवल्याची नोंद आहे. फळ हिंदी महासागराच्या काठाने त्यांच्या आधीच फिरत होते. खुद्द पोर्तुगीज त्याला ‘लारांजा’ म्हणत, ‘सिंत्रा’ नव्हे. माझे मत स्पष्ट आहे : संत्र्याचे श्रेय सिंत्राला देणे बंद करावे.

नागपुरात संत्रा पोर्तुगालहून नाही, औरंगाबादकडून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजीराजे भोसल्यांनी तिकडून झाडे आणून इथे लावली, असे कृषी खात्याच्या माहितीतही सांगितले जाते. सुरुवातीला तो परसातल्या हौसेचा माल होता. मग काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि तिकडे वरूड-मोर्शी, अशी काळ्या जमिनीची पट्टीच्या पट्टी त्याच्याखाली गेली. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, ताण सोडल्यावर फूट काढायची, आणि अंबिया बहार की मृग बहार हे ठरवायचे, हे शास्त्र शेतकऱ्याच्या बोटांवर असते. अंबियाची फळे दिवाळीच्या मागे-पुढे उतरू लागतात, मृगाची फेब्रुवारीनंतर. 1985 मध्ये लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र नागपुरातच निघाले. 2014 मध्ये त्याची केंद्रीय संस्था झाली, आणि त्याच वर्षी नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बांगलादेश हा या मालाचा मोठा गिऱ्हाईक, आणि तिथे आयातशुल्क वाढले की विदर्भात भाव पडतात. सीमेपलीकडे गेला की आपल्या संत्र्याचे नावही बदलते. बंगालीत तो ‘कमला’.

लिंगाचा घोळ इटलीसारखा आपल्याकडेही आहेच. पुण्याकडे ‘एक संत्रे, दोन संत्री’. नागपुरात ‘एक संत्रा, दोन संत्रे’. म्हणजे पुणेकर ‘संत्रे’ म्हणतो तेव्हा त्याला एकच हवे असते आणि नागपूरकर दुकानदार पिशवी भरायला घेतो. पुस्तकांत पुण्याचे नपुंसकलिंग चालते, पण फळ ज्यांच्या शेतात पिकते त्यांचे व्याकरण मला जास्त विश्वासार्ह वाटते, म्हणून या लेखात पहिल्यापासून ‘संत्रा’च आहे. सिसिलीत हे भांडण याहून तापलेले. तिथे सारण भरलेले भाताचे तळलेले गोळे मिळतात, आकाराने आणि रंगाने छोट्या अरांचासारखे, म्हणून नावही तेच. पालेर्मोची मंडळी म्हणतात ‘अरांचीना’, कारण फळ स्त्रीलिंगी. कातानियाची मंडळी म्हणतात ‘अरांचीनो’, पुल्लिंगी. वाद शेवटी फ्लॉरेन्सच्या अक्कादेमिया देल्ला क्रुस्का या सोळाव्या शतकापासून भाषेचा निवाडा करणाऱ्या संस्थेपर्यंत गेला. 2016 मध्ये तिने दोन्ही रूपे बरोबर ठरवली. अर्थात पालेर्मो आणि कातानिया दोघांनीही ते मनावर घेतलेले नाही.

इतके सगळे झाल्यावर एक अडचण सांगायलाच हवी. नागपूरचा संत्रा म्हणजे इटलीचा अरांचा नव्हेच!

संत्रा हातात घेऊन पाहा. देठाशी किंचित उंच मान, साल फळापासून सुटलेली. नखाने टोक उचलले की ती सरसर निघते, तेलाचा बारीक फवारा बोटांवर उडतो, आत पांढऱ्या शिरांचे जाळे आणि मधोमध पोकळी. फोडी न ओढता वेगळ्या होतात. वनस्पतिशास्त्रात याचे नाव ‘सिट्रस रेटिक्युलाटा’, आणि हे ‘रेटिक्युलाटा’ म्हणजे जाळीदार. इटलीचा अरांचा सालीला घट्ट चिकटलेला असतो, सुरी लागते. तो ‘सिट्रस सिनेन्सिस’, म्हणजे पपनस आणि संत्रा यांच्या खूप जुन्या संकरातून झालेला. आपल्याकडे त्या जातीचे फळ आहे ते मोसंबी. तिचे नाव आले मोझांबिकवरून. या खेपेला पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीचा पत्ता खरोखरच आपल्या फळाला चिकटला. म्हणजे रसवाल्याच्या गाडीवर मोसंबी पिणारा माणूस इटालियन हिशेबाने ‘स्प्रेमूता दि अरांचा’ पीत असतो.

मग नागपुरी संत्र्याच्या जातीला इटालियनमध्ये म्हणतात काय? ‘मंदारीनो’. हे नाव चीनच्या अधिकाऱ्यांवरून पडले. त्या अधिकाऱ्यांना युरोपीय लोक ‘मँडरिन’ म्हणत. त्यांच्या झग्यांच्या पिवळ्या-नारिंगी रंगावरून फळालाही ते नाव लागले असा तर्क आहे. पण ‘मँडरिन’ हा शब्द चिनी नाही. पोर्तुगीजांनी तो मलाक्काच्या बाजूला मलय लोकांकडून उचलला. मलयमध्ये तो ‘मंतेरी’, आणि मलयांनी तो घेतला संस्कृतातून : ‘मंत्री’.

म्हणजे इटलीच्या फळवाल्याकडे दोन टोपल्या असतात. एकीत नारंग, दुसरीत मंत्री. दोन्ही नावे इथली. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते, आणि ते होते हिवाळ्यात, अंबिया बहाराचा माल बाजारात असताना. डिसेंबरात नागपुरात मंत्री आणि संत्री एकदम येतात, हा विनोद गावात जुना आहे. दोन्हींचे नाते शब्दकोशातही आहे, हे विनोद करणाऱ्यांना बहुधा माहीत नसते.

मराठीत ‘नारंग’ पूर्ण गेला नाही. फळाचे नाव ‘संत्रा’ झाले आणि जुना शब्द रंगाला मिळाला : नारिंगी. भगवा नव्हे, केशरी नव्हे, त्या दोहोंच्या मधला, साडीच्या दुकानात हमखास भांडण लावणारा रंग. इटालियनांनी फळावरून रंग घडवला आणि दोन्ही ठेवले. आपण फळ दुसऱ्या नावाला दिले आणि रंग तेवढा ठेवून घेतला.

हिवाळ्यात कुणी इटलीला जाणार असाल आणि तिथे नागपूरची आठवण झाली, तर बाजारात ‘अरांचा’ मागू नका, सुरी शोधत बसाल. ‘मंदारीनो’ मागा. बिया नको असतील तर ‘क्लेमेंतीना’ म्हणा. ती त्याच कुळातली, बिनबियांची. पण चवीला नागपुरीच्या जवळचा मंदारीनोच, आणि बिया तर आपल्या संत्र्यातही असतातच.